शिकवलेली उत्तरं

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. मुलींना शिवणकाम शिकवण्यात माझी उभी हयात गेली, आणि वाकडा टाका दिसला की आवाज आपोआप चढतो. नोकरी संपली तेव्हा नवरा म्हणाला, "आता तरी घशाला विश्रांती दे." मी विश्रांती दिली नाही, गोधड्यांचं काम सुरू केलं. तो बिचारा अजून पस्तावतोय.

विहाराच्या मागं एक लांबलचक पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. बोहारणींकडून जुन्या सुती साड्या निवडून आणायच्या, गरम पाण्यात धुवायच्या, वाळवायच्या, थरावर थर घालून धावदोरा टाकायचा. एका गोधडीला चौघी चार बाजूंनी बसतात आणि शिवत शिवत मध्यापर्यंत येतात. आम्ही नऊजणी आहोत. बऱ्याचशा विहाराच्या आजूबाजूच्या, दोघी-तिघी नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातल्या. वयानं सगळ्यात मोठ्या दोघी. एक मावशी, जिच्या घरासमोरच आमची खोली आहे, आणि दुसरी आपा, जिला मराठी उत्तम येतं पण बोलायचं असतं दख्खनीतच. या दोघींचं दिवसभर भांडण चालतं आणि डबा एकत्र उघडतो.

आमच्या गोधड्या परदेशातल्या एका दुकानात जातात. तिकडं त्या पांघरत नाहीत म्हणे, पलंगावर नुसत्या शोभेला टाकतात. असो. प्रत्येक गोधडीला एक कागदी चिठ्ठी लटकते आणि तिच्यावर एक गोल शिक्का असतो. त्या शिक्क्याचा अर्थ असा, की ही वस्तू करणाऱ्याला रास्त दाम मिळालाय, कुणाला बळजबरीनं राबवलेलं नाही. शिकलेले लोक त्याला फेअर ट्रेड म्हणतात. मावशी त्याला इमानाचा शिक्का म्हणते, आणि मला मावशीचं नाव जास्त आवडतं. शिक्का नसेल तर ते दुकान आमचा माल घेत नाही, आणि ते दुकान सोडून आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही. आपल्याकडं गोधडी घरोघरी शिवतात, विकत कोण घेतं?

आता पैठणवालीबद्दल सांगते. पैठणच्या अलीकडच्या एका खेड्यातली म्हणून सगळ्या तिला पैठणवाली म्हणतात. वय तिशीच्या जरा पुढं. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची म्हातारी आई. दोन वर्षांपूर्वी काम मागायला आली तेव्हा मी तिच्या हातात सुई दिली आणि बघतच राहिले. हात असा चालायचा की मशीननं तोंड लपवावं. "कुठं शिकलीस गं?" म्हटलं, तर म्हणाली, "बाहेर होते बाई. फॉरेनला. शर्टाच्या कारखान्यात."

आमच्या बायांना फॉरेन म्हटल्यावर केवढं कौतुक! विमानात खायला काय देतात, तिकडं ऊन पडतं का, भाजी काय मिळते, नुसता भडिमार. ती सगळ्याला एकच उत्तर द्यायची, "चांगलं व्हतं." भाजी चांगली, राहणं चांगलं, मालक चांगला. थोड्या दिवसांनी बायांनी विचारणं सोडून दिलं. मीही सोडलं. मला तर ती फारच पसंत पडली होती. कधी उलट बोलणं नाही, कधी कुरकुर नाही. उसव म्हटलं की उसवायची. काहीही सांगा, "व्हय बाई." माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे?

फक्त एक गोष्ट होती. अधूनमधून तिला एक फोन यायचा आणि ती उठून बाहेर जायची. एकदा मी विचारलंच. तर म्हणाली, तिला तिकडं पाठवणारा एजंट आहे. परत चल म्हणतो. हात बसलेल्या बायांना ते लगेच घेतात.

"मग? जायचंय का तुला?"

"हितं काम हाय तवर नाय जात."

"आणि इथलं काम बंद पडलं तर?"

तिनं दोरा दातानं तोडला. "मग जावं लागंल. आईला कोण बघंल?"

जावं लागंल म्हणताना तिचा चेहरा असा झाला, की पुढं काही विचारायचा मला धीर झाला नाही. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की ही खोली चालू राहिली पाहिजे, नाहीतर ही बाई जाईल.

आणि मग एका दुपारी परदेशातल्या दुकानाचा निरोप आला. लांबलचक, गुळमुळीत इंग्रजी. मी तीनतीनदा वाचला तेव्हा कुठं उलगडा झाला. दूरच्या एका देशात शर्ट शिवायचा मोठा कारखाना होता. आपल्यासारख्याच देशांतून आणलेल्या बाया तिथं कामाला. त्यांचे पासपोर्ट काढून घेतलेले, कामाच्या वेळात दारांना बाहेरून कुलूप, ताप आला तरी सुट्टी नाही. आणि त्या शर्टांवर काय लटकत होतं? तोच, आमचा गोल शिक्का! तपासणीवाले येऊन गेले होते, सगळं उत्तम आहे म्हणून लिहून गेले होते. आता ते उघडकीला आलं होतं, शिक्का देणाऱ्या संस्थेची छी-थू झाली होती, आणि म्हणून तो शिक्का लावणाऱ्या प्रत्येकाची नव्यानं, कडक तपासणी होणार होती. आमचीसुद्धा. कसोटीला उतरलो नाही तर शिक्का काढून घेणार.

माझं डोकंच फिरलं. "पाप केलं तिकडच्या शेठनं आणि झडती आमची! आम्ही काय कुणाला कोंडून ठेवलंय?" मी खोलीभर येरझाऱ्या घालत होते. आपा म्हणाली, "बाई, बैठो तो. पंखे की हवा आप खा रहे, हम कू कुछ नै मिलरी." मी बसले आणि निरोप सगळ्यांना मराठीत समजावून सांगितला. तेव्हा पैठणवालीनं एकच विचारलं, "कुठला देश बाई?" मी नाव सांगितलं. तिनं मान खाली घातली आणि टाका पुढं चालू केला. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात मी खोलीला चुना मारून घेतला, दिव्याच्या वायरी नीट करून घेतल्या. बायांना मी एवढंच सांगितलं, "घाबरू नका. विचारतील ते खरं सांगा." सांगितलं आणि दोरा आणायला शहागंजात निघून गेले. घाबरू नका म्हणून कुणाची भीती गेलीय कधी? या बायांची आयुष्यात कधी कुणी तपासणी केलेली नाही. साहेब म्हणजे रेशनकार्डाचा, नाहीतर नळपट्टीचा, आणि दोघांपुढंही हात जोडूनच उभं राहायचं. माझी पाठ वळल्यावर त्या सगळ्या पैठणवालीभोवती गोळा झाल्या. तपासणी बघितलेली ती एकटीच. "काय बोलायचं असतं गं? सांग ना." हे सगळं मला मागाहून कळलं.

तपासणीला आलेली बाई पुण्याची होती. सुती कुडता, केस पांढरे व्हायला लागलेले, आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. सकाळच्या गाडीनं संभाजीनगरला उतरली आणि रिक्षा करून थेट खोलीवर आली. आपानं वेलदोडे घालून चहा ठेवला होता. ती म्हणाली, "माफ करा, ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडचं आम्हाला काही घेता येत नाही." आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायली. आपाचं तोंड एवढंसं झालं. औरंगाबादेत येऊन कुणी तिचा चहा नाकारला, असं तिच्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

मग तिनं एकेकीला कोपऱ्यात बोलवायला सुरुवात केली. मी दुसऱ्या टोकाला साड्यांच्या घड्या घालत बसले, पण पत्र्याच्या खोलीत सगळं ऐकू येतं. पहिली गेली मावशी. जाऊन बसली नाही, उभीच राहिली. हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेत प्रार्थनेला उभी राहावी तशी.

"आम्ही रोज आठ तास काम करतो," मावशी म्हणाली. "आम्हाला वेळेवर पगार मिळतो. आमच्यावर कोणाचाही दबाव नाही. रविवारी सुट्टी असते. आग विझवण्याचे यंत्र दाराच्या उजव्या बाजूला आहे."

माझ्या हातातली साडी गळून पडली. जन्मात कधी 'आहे' न म्हणणारी ही बाई, 'हाय' सोडून जिची जीभ वळत नाही, ती पुस्तकासारखी बोलत होती. आणि बोलत होती ते धादांत चूक! आठ तास कुठले? बाया स्वयंपाक उरकून येतात आणि नळाला पाणी सुटल्याची हाळी आली की गोधडी तिथंच टाकून पळतात. पगार नाहीच, गोधडीमागं हिशेब असतो. रविवार तर आमचा भरगच्च कामाचा दिवस, कारण घरी नवरे पोरांना बघायला असतात. सुट्टी सोमवारी. आणि दाराच्या उजव्या बाजूला आहे पाण्याचा माठ.

दुसरी गेली. तीच वाक्यं. तिसरी गेली. तीच, त्याच क्रमानं. एक जण मध्येच विसरली तर तिनं डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपाची पाळी आली तेव्हा तिनं तेच दख्खनीत म्हटलं, "आग बुझाने की मशीन दरवाजे के सीधे बाजू है." तपासणीवाल्या बाईनं मान वळवून माठाकडं पाहिलं. आपानंही पाहिलं. जरा विचार केला आणि म्हणाली, "उसमें पानी भरेला है ना? आग लगी तो वोईच डालेंगे."

दुसरा कुठला दिवस असता तर मी हसून हसून लोळले असते. पण त्या बाईनं पेनाला टोपण लावलं. माझ्याजवळ आली आणि विचारलं, "मॅडम, यांना कुणी पढवलं?"

बस, झालं! "मी काय पढवलंय होय यांना? मला विचारताय? चाळीस वर्षं शिकवलंय मी, पढवायचं असतं तर असलं चुकीचं पढवलं असतं? अगं मावशी, काय वेड लागलं का तुला? सांग की यांना खरं!" मी जितकी ओरडले तितक्या बाया माना खाली घालत गेल्या. आणि ती बाई एकदा माझ्याकडं आणि एकदा त्यांच्या खाली गेलेल्या मानांकडं बघत होती. तिला काय दिसत होतं ते माझ्या लक्षात आलं, पण तोवर माझं पुरेसं ओरडून झालं होतं.

"मॅडम," ती तशाच हळू आवाजात म्हणाली, "तो कारखाना मी बघितलाय. बातमी फुटायच्या आधी तिथं तपासणीला गेलेली मीच होते. तिथल्या बायांनी मला हेच सांगितलं. भाषा वेगळी होती, पण वाक्यं हीच आणि क्रमही हाच. मला ते छान वाटलं. सगळं बरोबर आहे असं मी लिहून आले." तिनं पेन पिशवीत टाकलं. "आता पुन्हा तसं लिहायची माझी हिंमत नाही."

आता शिक्का जाणार, दुकान जाणार, आणि मनात पहिला विचार आला तो पैठणवालीचा, की आता ही तिकडं जाणार. मी तिच्याकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"म्या शिकवलं," ती म्हणाली. "बाईंला म्हाईतबी नाय. म्याच शिकवलं समद्यांला."

तपासणीवाल्या बाईनं मला बाहेर जायला सांगितलं. माझ्या खोलीतून मला! एरवी मी ऐकून घेतलं नसतं, पण त्या वेळी मुकाट्यानं जाऊन पायरीवर बसले. खिडकी उघडी होती. ऐकायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं.

पैठणवाली आधी अडखळत आणि मग भडाभडा बोलली. ती त्याच कारखान्यात होती की तसल्याच दुसऱ्या, ते मला नीट कळलं नाही. पण देश तोच. विमानातून उतरल्या दिवशीच पासपोर्ट काढून घेतले. कामाची पाळी सुरू झाली की बाहेरून कुलूप. तपासणी असली की आधी त्यांना अंगणात रांगेत उभं करायचे आणि सुपरवायझर एकेक वाक्य म्हणून घ्यायचा. चुकली की सगळ्या रांगेनं पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. एकदा तिच्या शेजारच्या मशीनवरच्या बाईनं तपासणीवाल्याला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बाई कामावर आली नाही. कुठं पाठवली, कुणी सांगितलं नाही. "तिची पिशवी खाटंखालीच राहिली," पैठणवाली म्हणाली. "कपडे, पोराचा फोटू. म्या लई दिवस संबाळली. मग करार संपला आन म्याबी परत आले."

मग तपासणीवाल्या बाईनं विचारलं, "पण इथं का शिकवलंत तुम्ही? इथं तर कुणी कोंडलेलं नाही."

"मला वाटलं तपासणी म्हंजी हेच असतंय," ती म्हणाली. "हे बोललं की पास व्हतंय. बाईंचं काम जाऊ नये म्हणून शिकवलं."

पायरीवर बसून मी पदरानं डोळे पुसले. दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून टाके घालत होती, आणि मला तिची काय माहिती होती? चांगलं व्हतं, एवढीच. मला स्वतःचाच भयंकर राग आला, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं.

त्यानंतर तपासणीवाल्या बाईनं मला आत बोलावलं नाही. खिडकीतून दिसलं, वही बाजूला ठेवून ती खाली चटईवर गोधडीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आता शिकवलेलं विसरा. इथं काय त्रास आहे ते सांगा." पाहुण्यापुढं घरचं उणं काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. शेवटी मावशीनं तोंड उघडलं. खोलीला संडास नाही, गरज लागली की सगळ्या तिच्या घरी येतात आणि तिची सून तोंड वाकडं करते. मग काय, धरण फुटल्यासारखं झालं. संध्याकाळी उजेड पुरत नाही. पत्रा उन्हाळ्यात भाजून काढतो. आणि बाई! बाई किती उसवायला लावतात! आपाचा आवाज सगळ्यांच्या वर, "बाई चिल्लाते भोत. अच्छे हैं, मगर चिल्लाते भोत." मी बाहेरून खाकरले. आतून हसू आलं, त्यात एक हसू पाहुणीचं होतं.

काही आठवड्यांनी निकाल आला. शिक्का राहिला. अटी होत्या: संडास, चांगले दिवे, आणि आग विझवायचं खरं यंत्र. ते यंत्र आता दाराच्या डाव्या बाजूला आहे, कारण माठ हलवायला आपा तयार नाही.

मला वाटलं, सुटलो. मी पेढेसुद्धा वाटले. आणि मग दुकानाचा निरोप आला, की या हंगामात ते निम्म्याच गोधड्या घेणार. आमच्या कामाबद्दल तक्रार काही नव्हती. तिकडचं गिऱ्हाईकच कमी झालं होतं. त्या कारखान्याची बातमी वाचलेले लोक दुकानात येतात, शिक्का बघतात आणि म्हणतात, हा शिक्का तर त्या शर्टांवरही होता. मग चार पैसे जास्त कशाला द्यायचे? साधी चादर घेऊन जातात.

मला त्या लोकांवर चिडायचं होतं, पण मनापासून चिडता येईना. त्यांनी तरी काय करावं? दुधाच्या बाटलीवर एकदा विश्वास टाकला आणि आत पाणी निघालं, की माणूस त्या डेअरीचं चांगलं दूधही घेत नाही. त्या दिवशी घरी आले तर नातवाचा नवा शर्ट खाटेवर पडला होता. औरंगपुऱ्यातून मीच घेतलेला, स्वस्तात मिळाला म्हणून खूश होऊन. मी तो उलटा करून आतली पट्टी वाचली. त्याच देशाचं नाव होतं. टाका सरळ, बारीक, एकसारखा, माझ्या वर्गात असता तर शाबासकी दिली असती. कुणी घातला असेल, दाराला कुलूप होतं की नव्हतं, मी घेताना कधी विचारलं होतं? दुकानदारानं सांगितलेला भाव तेवढा पाडून घेतला होता. नवरा म्हणाला, "शर्ट घेऊन काय रडत बसलीस?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं." खरं तर मलाच नीट कळत नव्हतं.

ज्यांनी बायांना कोंडलं ते कुठल्या कुठं राहिले. त्यांचे शर्ट विकले गेले, पैसे झाले. आणि त्याची झळ लागली कुणाला, तर प्रामाणिकपणे गोधड्या शिवणाऱ्या माझ्या बायांना. आणि त्यांच्यातही सगळ्यात जास्त त्या बाईला, जी त्याच कुलपातून एकदा सुटून आली होती. हा कुठला न्याय? विचार करकरून माझी झोप उडाली. कारण एजंटाचे फोन आता वाढले होते. काम निम्मं झाल्याची खबर त्याला कशी लागली कोण जाणे. पैठणवाली बाहेर जायची, बोलून यायची आणि काही न बोलता सुई हातात घ्यायची.

मग मी ठरवलं. घरी बसून, चांगला विचार करून ठरवलं. पैठणवालीला पूर्ण काम द्यायचं, पूर्वीइतकंच, म्हणजे तिला जायची पाळी येणार नाही. ज्यांच्या घरी कमावणारं दुसरं कुणी आहे, त्यांनी हा हंगाम थांबायचं. उरलेल्यांनी उरलेलं वाटून घ्यायचं. मला माझा फार अभिमान वाटला. नवऱ्यालाही सांगितलं, तर तो म्हणाला, "बायांना विचारलंस का?" मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? त्यांच्या भल्याचंच आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. मावशीला थांबावं लागणार होतं, कारण तिचा मुलगा वाळूजला कंपनीत आहे. तिनं फक्त मान हलवली. आपानंही. मी विचारलं, "पटतंय ना सगळ्यांना?"

"व्हय बाई," सगळ्या म्हणाल्या.

"नाय," पैठणवाली म्हणाली.

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. "काय नाय?"

"मला नाय पटत." नजर खाली नव्हती.

"अगं, तुझ्याचसाठी चाललंय हे! तुला परत तिकडं जायला लागू नये म्हणून मी रात्रंदिवस—"

"ते कळतंय मला, बाई. पर मला कुणी इचारलं का? मावशीचं काम काढून मला देतायसा, तिला इचारलं का? ती व्हय म्हणती, कारण तुमच्यापुढं समद्या व्हयच म्हणत्यात. म्याबी म्हणायचे." तिनं सुई गोधडीत खोचून ठेवली. "तिकडंबी समदं आमच्या भल्यासाठीच ठरवायचे. पासपोर्ट हरवंल म्हणून आम्ही ठिवतो. चोर शिरंल म्हणून कुलूप लावतो. लई काळजी करायचे आमची."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या कसायांच्या पंगतीला बसवते मला! जिच्यासाठी मी झोप घालवली ती! जिभेवर काय काय आलं होतं, ते इथं लिहीत नाही. पण मावशी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पैठणवालीबद्दल राग नव्हता. सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते बघितलं आणि माझे शब्द तोंडातच राहिले. मला अतोनात वाईट वाटलं, कारण पोरगी खरं बोलत होती.

"मग तुझं म्हणणं काय?" मी म्हटलं.

"सारखं वाटा. हाय तेवढं समद्यांत. मला कमी पडलं तर मी डबे करीन, कुणाच्या घरी पोळ्या लाटीन. तिकडं मी जायची नाय. काम पुरं मिळो, अर्धं मिळो, नायतर बंद पडो. एजंटाला सांगून टाकलं कालच. पुन्हा फोन केला तर पोलिसात जाईन म्हटलं."

"काल? आणि मला नाही सांगितलंस? मी इथं जिवाचं रान करतेय!"

"तुम्ही इचारलं नाय, बाई. आल्यापासून तुम्हीच बोलताय."

आपा पदर तोंडाला लावून खुदखुदायला लागली. मी चटईवर बसले. पुढं काय बोलावं ते मला, मला, सुचेना. आणि माझ्या बोलण्याची वाट न बघता त्या सगळ्याजणी गोधडीभोवती सरकून बसल्या आणि काम कसं वाटायचं ते आपापसात ठरवायला लागल्या.